बार्केव उस्ताच्या भिंतीवरचा तांबट

फोटोवाल्या बार्केव उस्तानं आपल्या मेलेल्या बायकोचं भूत काचेत पकडून भिंतीला टांगलंय, असं यरुशलेमच्या आमच्या आर्मेनी मोहल्ल्यात निदान तीस घरांत छातीठोकपणे सांगतात. हौदावर पाणी भरायला जमणाऱ्या बायका तर शपथेवर सांगतात. फोटोत एक मिशाळ गडी कमरपट्ट्यात अंगठा खोचून उभा आहे. त्याच्या शेजारी बाईचा झगा आहे, जोडे आहेत, झग्याची बटणं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ आहेत. फक्त तोंडाच्या जागी धूर.

आता खरं सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उद्या कोणीतरी भूत उतरवायला पाद्री घेऊन यायचा. बार्केवला बायको नव्हतीच, तेव्हा ती मरायचा प्रश्न येत नाही. तो मिशाळ गडीही बार्केव नव्हे. तो ऐनताब गावचा तांबट आर्दाशेस. आणि ती धुराच्या तोंडाची बाई फोटो काढला त्याच दुपारी येस्तरच्या घरी बसून दोन वाडगे हरीसा खाऊन गेली. गहू आणि कोंबडीची ती घट्ट खीर एका वाडग्यात भल्याभल्यांना झोपवते. भुतं एवढं जेवत नाहीत. बाई फोटो काढताना हलली, एवढंच.

का हलली, ही मात्र लांबची गोष्ट आहे, आणि ती बार्केवच्या उजव्या हातापासून सुरू होते.

बार्केव नऊ वर्षांचा असताना आईचं बोट धरून अनातोलियातल्या सिवासहून ईस्टरच्या यात्रेला आला. यात्रेला आलेल्यानं हात गोंदवून जायचं, हा आमचा रिवाज. गोंदणाऱ्याकडे लाकडी ठसे असतात. ठसा काजळीत बुडवून मनगटाच्या वर उमटवायचा, त्या रेघांवरून सुया चालवायच्या आणि खाली साल टोचायचं. असा हात घेऊन गावी परतला की माणूस ‘महदेसी’ होतो. त्याला जेवायला वरची जागा मिळते, भांडणात त्याची साक्ष चालते, आणि बायको त्याला चारचौघांत मूर्ख म्हणत नाही, घरी गेल्यावर म्हणते. बार्केवच्या आईनं एकच ठसा निवडला, मोठा क्रॉस आणि दोन बाजूंना दोन छोटे, आणि तोच दोघांच्या हातावर उमटवून घेतला. साल १८४४. पोरगं रडलं नाही म्हणून गोंदणाऱ्यानं त्याला मूठभर मनुका दिल्या.

नवव्या दिवशी आई तापानं गेली. गावचा काफिला निघून गेला आणि पोरगं आमच्या संत याकोबाच्या मठात राहिलं. मठात पुढे एका म्हाताऱ्या साधूला फोटोचं नवं वेड लागलं. पोराला आधी यंत्राची पेटी उचलायला मिळाली, मग काचा धुवायला, आणि साधूचे डोळे गेले तेव्हा यंत्रच मिळालं.

तो पवित्र जागांचे फोटो काढायचा. फक्त जागांचे. परदेशी गिऱ्हाइकांना प्रभूच्या कबरीवरचं पुनरुत्थानाचं मंदिर हवं असे, पण अंगणातली गर्दी, सरबतवाले, भांडणारे पुजारी नको असत. प्रभू आज पहाटेच उठलाय आणि अजून कोणाला कळलेलं नाही, असं मंदिर त्यांना लागे. त्या काळी फोटो काचेवर उतरायचा, आणि त्या काचांना वेळ फार लागायचा. बार्केव तो प्रार्थनेनं मोजायचा. पहाटेच्या उजेडात मंदिराच्या दर्शनी भिंतीला ‘हे आमच्या पित्या’ सावकाश दोनदा म्हणायचं, मग यंत्राच्या भोकावरची टोपी परत लावायची. तेवढ्या वेळात अंगणातून पन्नास माणसं चालत गेली तरी काचेवर एकही उतरत नसे. जो उभा राहील तो उमटेल, जो चालेल तो पुसला जाईल. दारावरच्या खिडकीखाली आमच्या लोकांची एक शिडी कैक वर्षांपासून टेकलेली आहे; ती कोणी हलवायची नाही, हलवली तर पंथापंथांत डोकी फुटतात. ती शिडी त्याच्या प्रत्येक फोटोत आहे. मोहल्ल्यात म्हणायचे, या गावात न हलणारे दोघेच, ती शिडी आणि बार्केव.

मठाच्या भिंतीला लागून त्याची एक खोली होती. फडताळात काचा एकावर एक. बेथलेहेम, गेथशेमाने, यार्देनचा काठ, सगळीकडे तोच जाऊन आलेला आणि सगळीकडे कोणी नाही. संध्याकाळी तो खिडकीकडे तोंड करून जेवायचा. भिंतीकडे बसला तर आपल्याच चावण्याचा आवाज मोठा येतो, असं एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं होतं.

हे त्यानं येस्तरला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. येस्तर मठाच्या दाराशी मेणबत्त्या विकायची. स्वतःचं एक लग्न बिघडलं म्हणून तिनं दुसऱ्यांची पंधरा जुळवली होती. ती त्याच्याकडे उरलेलं मेण वितळवायला यायची आणि बोलून जायची.

“उस्ता, कॉफीचं भांडं दोन माणसांचं का ठेवलंयस?”

“दोन्ही कप मीच पितो.”

“तेच म्हणते मी. दुसरा गार होत असेल.”

बार्केव हसला नाही, पण त्यानं नाहीही म्हटलं नाही. येस्तरला तेवढं पुष्कळ होतं. त्या वर्षी त्याला अडतिसावं चालू होतं. ईस्टरला आलेल्या ऐनताबच्या बायकांकडून तिनं बातमी काढली. तिथल्या महदेसी ओहानची बहीण पेरूझ, विधवा, तिशीची, मूल नाही, दात सगळे जागच्या जागी. ओहानची अट एकच. घराण्यात चार पिढ्या सगळे पुरुष महदेसी, तेव्हा नवरा महदेसीच हवा.

“म्हणजे तुझ्यासारखाच,” येस्तर म्हणाली. “फोटो काढ. बाही वर कर आणि हात पुढे धर. बाकीचं मी लिहिते.”

बाकीचं तिनं काय लिहिलं ते नंतर कळलं. ‘मुलाच्या हातावरचा क्रॉस इतका ठसठशीत आहे की अंधारात वाट दिसावी.’

फोटो गच्चीवर काढला. आपला आपल्याला काढता येत नाही, म्हणून गोंदणाऱ्या मलकोनला बोलावलं. बार्केवला लहानपणी गोंदलं ते याच्या बापानं. बार्केवनं काच तयार करून यंत्रात बसवली आणि खुर्चीवर जाऊन बसला.

“टोपी काढ आणि प्रार्थना सुरू कर,” त्यानं सांगितलं. “माणसाला अर्धीच लागते. ‘रोजची भाकर’ आली की टोपी लाव.”

“आणि चुकून ‘आमेन’पर्यंत गेलो तर?”

“तर माझा म्हातारा होईल.”

मलकोन भाकरीशी थांबला. दुसऱ्या दिवशी बार्केवनं फोटो उन्हात छापला. दुपारी ऐनताबचा काफिला निघायचा होता. आमच्या लोकांचा टपालावर भरवसा नाही; पत्रं यात्रेकरूंच्या हाती जातात आणि उत्तर पुढच्या ईस्टरला येतं. घाई होती, पण तरी त्यानं तो फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला. वीस वर्षं काचांवर फोटो उतरवणारा माणूस, पण स्वतःचं तोंड त्यानं प्रथमच कागदावर पाहिलं. कपाळ आईचं होतं. आईचं तोंड आठवत नाही असं त्याला वाटायचं. ते असं अर्धवट सापडलं. तो तोंडच बघत राहिला. हाताकडे त्यानं पाहिलंच नाही. हात तर ओळखीचाच होता.

मग वर्ष गेलं. त्या वर्षात बार्केवनं खोलीला चुना लावला, दुसरी खुर्ची आणली, आणि ती काचा वाळवायला आणलीय असं सगळ्यांना न विचारता सांगितलं.

ईस्टरला काफिला आला आणि फोटोही परत आला. येस्तरनं तो त्याच्या पुढ्यात ठेवला. सोबत ओहानचा निरोप होता, तोंडीच. लिहायच्या लायकीचा वाटला नसावा. ‘प्रभूच्या कबरीशेजारी राहून ज्याचा हात कोरा, त्यानं वर महदेसी असल्याची थाप मारावी, हे आम्ही आजवर ऐकलं नव्हतं.’

बार्केवनं भिंग घेतलं. खुर्ची स्वच्छ होती, बाहीची दुमड स्वच्छ होती, हातावरचे केससुद्धा होते. क्रॉस नव्हता. ना मोठा, ना छोटे. हात नऊ वर्षांच्या पोराचा, गोंदवण्याआधीचा असावा तसा कोरा.

मलकोन धावत आला आणि भडकला. “माझ्या बापाचा ठसा आहे तो. अर्ध्या अनातोलियाच्या हातावर आहे. उन्हानं गेला नाही, साबणानं गेला नाही, तुझ्या पेटीनं धुतला?”

बार्केव भिंग ठेवून गच्चीवर गेला आणि वर बघत राहिला. ईस्टरचं लख्ख निळं आकाश. वीस वर्षं तो त्याचे फोटो काढत होता आणि वीस वर्षं ते पांढरं येत होतं. काचेला निळं दिसतच नाही, पांढरंच दिसतं, हे तो शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा. गोंदण टोचलं तेव्हा काळं असतं. तीस वर्षांत ते निळं पडतं. आकाश जिथे जायचं तिथेच क्रॉस गेला होता. दुसऱ्या कोणी हात पुढे केला असता तर त्यानं तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण माणसांचे फोटो तो काढतच नव्हता.

“यात काय अवघड आहे?” येस्तर म्हणाली. “ऐनताबचे दोघे जण आत्ता खाली दाराशी बसलेत. चल, हात दाखव. जाऊन शपथ घेतील.”

“मी काय बाजारातला बैल आहे, दात दाखवायला?”

“बैलाचं लग्न लागत नाही, उस्ता. चल.”

“यंत्रानं मला खोटं पाडलंय, यंत्रच मला खरा ठरवेल.”

ती दोन दिवस बोलली. तो ऐकेना. इतका शहाणा माणूस इतका मठ्ठ कसा, असं येस्तरनं त्याला तोंडावर विचारलं. त्यावर त्यानं मलकोनकडून दिव्याची काजळी आणि बोरूची लेखणी मागवली. काचेवर रंगवणं त्याला मान्य नव्हतं. वेशीजवळच्या दुकानात फोटोवर उंट आणि खजुरीची झाडं चितारून विकायचे; त्यांना तो फोटोवाले म्हणतच नसे. पण आपल्याच हातावर, आपल्याच गोंदणाच्या रेघेवरून काजळी फिरवली तर ते खोटं कसं? मलकोननं बोरू फिरवला. दर रेघेला तो म्हणायचा, “हलू नकोस नवरीबाई, काजळ फिसकटेल.” ‘रोजची भाकर’ येईपर्यंत बार्केव बसला. या खेपेला क्रॉस असा उमटला की खरंच अंधारात वाट दिसावी. फोटो गेला.

पुन्हा वर्ष गेलं. दुसरी खुर्ची होती तिथेच होती. तिच्यावर आता खरंच काचा वाळत.

तिसऱ्या ईस्टरला येस्तर दाराशी चौकशी करून परतली आणि गप्प बसली. येस्तर गप्प बसली हीच मोठी बातमी होती. बार्केवनं दोन कप कॉफी केली आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवले.

“ओहान काय म्हणाला सांगू?” ती म्हणाली. “गेल्या साली नव्हता, यंदा आहे. म्हणजे मधल्या वर्षात गोंदवला, आणि खाली साल मात्र जुनं टोचलं. लग्नासाठी क्रॉस टोचून घेणारा माणूस उद्या जेवणासाठी पुसूनही टाकेल.”

पहिल्या फोटोनं त्याला लबाड ठरवलं होतं. दुसऱ्यानं त्यावर पुरावा दिला होता.

“पेरूझचं उन्हाळ्यात लग्न झालं. तांबट आहे, महदेसीच. आर्दाशेस.” येस्तरनं कप उचलला आणि परत ठेवला. “आलेत दोघं. यात्रेला. आणि त्याला फोटो काढायचाय, मंदिराच्या अंगणात. वेशीजवळच्या दुकानात पडद्यावर मंदिर रंगवलेलं असतं, ते त्याला नको, खरं हवंय. कोणीतरी तुझं नाव सांगितलं.”

“त्याला माहीत आहे?”

“त्याला काय माहीत असणार? नवरा आहे तो. तिला माहीत आहे.” मग ती हळू म्हणाली, “डोकं दुखतंय म्हणून सांग. मी सांगते.”

“यात्रेकरू आहेत. यात्रेकरूला नाही म्हणू नये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाढवावर पेटी आणि अंधारात काच तयार करायचा काळा तंबू लादून अंगणात गेला. येस्तर मेणबत्त्यांची टोपली घेऊन मागे गेली, कारण न जाणं तिला जमलंच नसतं. आर्दाशेस मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस होता. त्यानं बार्केवची पाठ थोपटली, शिडीबद्दल विचारलं, अंगठा पट्ट्यात खोचला. पेरूझ त्याच्या शेजारी उभी राहिली. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. कालच मलकोनकडे बसून आली होती. मलकोननं मुद्दाम बापाचा तोच जुना ठसा काढला होता, आणि सुया चालवताना एवढंच बोलला होता, “आज काळा आहे. निळा पडायला तीस वर्षं लागतील. घाई करून होत नाही.”

बार्केव काच घेऊन तंबूतून बाहेर आला. औषधाच्या पाण्यानं बोटं काळी होतात म्हणून काम करताना तो बाही नेहमी कोपरापर्यंत वर ठेवायचा. ती तशीच होती. त्याच्या ध्यानातही नव्हतं.

“माझ्याकडे नको, भोकाकडे बघा,” तो म्हणाला. “भाकर येईपर्यंत हलायचं नाही.”

त्यानं टोपी काढली आणि हात भोकाच्या शेजारी तसाच वर धरून ठेवला. त्याची ती सवयच होती. प्रार्थना सुरू झाली. ‘तुझे नाव पवित्र मानिले जावो’पर्यंत दोघं खांबासारखी उभी होती. मग पेरूझची नजर सरकली. भोकावरून टोपीवर, टोपीवरून मनगटावर, मनगटाच्या खाली. मोठा क्रॉस, दोन छोटे, साल. जुना, विटलेला, कडा पसरलेला निळा. तिनं मान वाकवली, नीट बघायला जवळ झुकावं तशी, आणि तिचा फडकं बांधलेला हात आपोआप थोडा वर आला.

बार्केवनं ते पाहिलं. काच गेली, हे त्याला तिथेच कळलं. टोपी लावून थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. हातही खाली घेतला नाही. येस्तर सांगते की त्या दिवशी त्यानं प्रार्थना जेवढी सावकाश म्हटली तेवढी ती आजवर चर्चमध्येही कोणी म्हटलेली नाही. भाकर आली तेव्हा त्यानं टोपी लावली.

काच धुऊन बाहेर आणली तर तांबट ओरडला, “तोंड कुठे गेलं? हललीस ना?”

“माशी बसली,” पेरूझ म्हणाली.

“माशी? घरी माझ्यासमोर दगडासारखी बसतेस, आणि इथे माशीनं हललीस.”

बार्केवनं दुसरी काच केली. या वेळी ती भोकाकडे बघत होती. डोळे, नाक, ओठ, सगळं स्वच्छ आलं. तांबट खूश झाला. ती चांगली काच छापून त्यांना दिली आणि ते ती ऐनताबला घेऊन गेले. निघताना अंगणाच्या पायरीवर झगा सावरता सावरता पेरूझ बार्केवजवळून गेली आणि पुढे बघतच म्हणाली, “दादाला मी सांगेन.” तिनं काय सांगायचं ते सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

दुपारी तिनं येस्तरकडे हरीसा खाल्ला, ते आधी आलंच आहे. दुसऱ्या दिवशी काफिला गेला. पुढच्या ईस्टरला ओहानचा काही निरोप आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. बार्केव परत रिकाम्या मंदिरांकडे वळला. दुसरी खुर्ची त्यानं मलकोनला दिली. गोंदवायला आलेल्यांना बसायला कमी पडत होती.

बिघडलेली काच मात्र त्यानं फेकली नाही. फोटोवाले बिघडलेल्या काचा खरडून पुन्हा वापरतात, यानं ती छापली, चौकटीत घातली आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगली. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून जेवतो. तिथूनच ते भूत निघालं आणि गल्लीभर फिरलं.

यालाही आता पंधरा वर्षं झाली. येस्तरचे गुडघे गेले, तरी मेण वितळवायला ती अजून येते. परवा आली तेव्हा हौदावर पुन्हा त्या भुतावरून कालवा झाला होता आणि तिचं डोकं उठलं होतं. ती दारातच म्हणाली, “उस्ता, एक विचारते. बाईचं तोंड धड आलेली काच तू त्या तांबटाला दिलीस. आणि हा तोंडाचा धूर, तोही परक्या माणसाच्या मिशांसकट, पंधरा वर्षं उशापायथ्याला घेऊन बसलायस. चांगली ठेवून घ्यायची ना एक छापून. कोणी विचारणार होतं?”

बार्केव पावाचा तुकडा मोडत होता. त्यानं वर भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, “त्या चांगल्या काचेत ती यंत्राकडे बघतेय, येस्तर. हिच्यात माझ्या हाताकडे.”